आप्पांच्या टू-इन-वनवरचं कन्नड

निपाणीच्या मराठी शाळेत शिकताना मला कन्नडच्या जागी संस्कृत घ्यायची मुभा मिळाली आणि मी ती आनंदानं घेतली. संस्कृतात मार्क भरपूर पडायचे. मार्क पडले, शिक्षिकेच्या टीसीएच कोर्सला नंबर लागला, पुढं लग्न होऊन बेळगावात अनगोळला आले, आणि वर्षभरात जवळच्याच एका खेड्यात सरकारी मराठी शाळेत नोकरी लागली. सगळं कसं सुतासारखं सरळ. नेमणुकीच्या कागदाच्या तळाशी मात्र बारीक अक्षरात एक ओळ होती. ती कन्नडमध्ये होती, त्यामुळं मला वाचता आली नाही.

ती हेडमास्तरांनी वाचून दाखवली. खात्याची कन्नड परीक्षा पास झाल्याशिवाय नोकरी कायम होणार नाही. परीक्षा लेखी आणि तोंडी.

"तुम्ही निपाणीच्या ना?" हेडमास्तर म्हणाले. "मग येत असेल की थोडं."

मला 'बर्री' आणि 'होगरी' एवढी दोनच वाक्यं येत होती. या, आणि जा. मधे काय बोलायचं ते येत नव्हतं. निपाणीत आमच्या गल्लीत दूधवाल्यापासून शिंप्यापर्यंत सगळं मराठीत चालायचं. कन्नड दिसायचं ते एसटीच्या पाटीवर, आणि गाडी कुठली हे आम्ही ड्रायव्हरच्या तोंडावरून ओळखायचो.

लेखीची मला धास्ती नव्हती. अक्षरं पंधरा दिवसांत हातात बसली. वळणदार, गोल अक्षरं, लिहायला मजा यायची. पण कुणी दोन वाक्यं बोललं की कानात वारं शिरल्यासारखं व्हायचं. शब्द कुठं संपतो आणि दुसरा कुठं सुरू होतो तेच कळत नव्हतं. मी मिस्टरांना म्हणाले, मला कन्नड नुसतं ऐकायला पाहिजे, तेच तेच, पुन्हा पुन्हा. घरात टीव्ही होता, पण टीव्हीला मागं फिरवता येत नव्हतं. मागं फिरवता येणारी एकच वस्तू घरात होती, आणि ती आप्पांची होती.

आप्पा म्हणजे माझे सासरे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, घरात आम्ही तिघंच. आप्पा सकाळी रानात जायचे, उन्हं चढली की परत यायचे. मिस्टर कारखान्यात कामाला. आप्पांची स्वतःची अशी म्हणण्यासारखी वस्तू म्हणजे त्यांचा टू-इन-वन: रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकातच, वर उचलायला मूठ, बाजूला लांब होत जाणारी एरियल. लष्कराच्या कॅम्पातल्या एका सुभेदाराची बदली झाली तेव्हा त्याच्याकडून घेतलेला. एकदा कट्ट्यावरून पडल्यापासून त्याची मीडियम वेव्हची पट्टी मुकी झाली होती. धारवाडसारखं जवळचं स्टेशन लागायचं नाही, फक्त शॉर्टवेव्ह चालायची. म्हणजे शेजारच्या जिल्ह्यातलं काही ऐकू येत नव्हतं आणि समुद्रापलीकडचं येत होतं. आप्पांची त्याला हरकत नव्हती. संध्याकाळी ते परदेशी केंद्राच्या हिंदी बातम्या लावत आणि कुठल्या देशात सरकार पडलं ते जेवताना आम्हाला सांगत.

त्या सेटचे काही नियम होते. काटा आप्पांशिवाय कुणी हलवायचा नाही. शॉर्टवेव्हवर केसभर इकडंतिकडं झालं की स्टेशन जातं, म्हणून त्यांनी काचेवर काळ्या चिकटपट्टीचा तांदळाएवढा तुकडा लावून ठेवला होता. काटा कायम त्या खुणेवर. सेल मोठे, सहा लागायचे. आवाज खोल गेला की ते काढून दुपारभर पत्र्यावर उन्हात ठेवायचे, मग आणखी आठवडा चालायचे. अंगणात लाल मिरच्यांच्या शेजारी सहा सेल ओळीत वाळत पडलेले मी माहेरी कधी बघितले नव्हते.

मी एका सकाळी चहा देताना विषय काढला. "आप्पा, बंगळूरच्या कन्नड बातम्या लागतात का हो ह्याच्यावर?"

आप्पांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली. "त्या सेटवर कन्नड लागत न्हाय," म्हणाले, आणि विषय संपला.

तरुणपणी आप्पा सीमाप्रश्नाच्या मोर्चात जाऊन आलेले. अजूनही घरावरची पाटी मराठीत, लग्नपत्रिका मराठीत, किराणा दुकानातली यादीसुद्धा मराठीत गेली पाहिजे असा त्यांचा कटाक्ष. आता त्यांच्याच सेटवर सुनेनं कन्नड लावायचं म्हणजे काय, हे मला समजत होतं. मी पुन्हा विचारलं नाही.

विचारलं नाही, पण शाळेला सुट्टी होती त्या दिवशी आप्पा रानात गेल्यावर मी सेट खिडकीत ठेवला आणि काटा हलवला. आधी नुसती खरखर, मग शिट्टी, मग कुठलं तरी चिनी गाणं, पुन्हा शिट्टी. आमच्या मागच्या बाजूला वडगावची हद्द लागते आणि तिथून घराघरांत माग सुरू होतात. यंत्रमाग चालू असले की त्यांच्या मोटरी रेडिओत कुरकुरायच्या. तेवढ्यात करंट गेला. सगळे माग एकदम गप्प झाले, आणि त्या शांततेत एक बाई माझ्याशी स्वच्छ कन्नडात बोलायला लागली. मी कोरी कॅसेट टाकून लाल बटण आणि त्याच्या शेजारचं बटण एकदम दाबलं. आयुष्यात लोडशेडिंगबद्दल कृतज्ञता वाटली ती त्या दिवशी पहिल्यांदा.

काटा परत खुणेवर आणून ठेवला. निदान मला तसं वाटलं.

संध्याकाळी आप्पांनी सेट लावला. खरखर आली. त्यांनी काच डोळ्यांजवळ नेली.

"सुई कुणी हलिवली?"

मिस्टर ताटात बघायला लागले. मी म्हणाले, "मी."

"काय लावलंतंस?"

"बंगळूर."

आप्पांनी एरियल आत-बाहेर करून बघितली. मग विचारलं, "लागलं काय?"

"लागलं. करंट गेल्यावर लागलं."

"आणि ती परीक्षा न्हाय झाली तर?"

"नोकरी जाईल आप्पा."

त्यांनी काटा हळूच फिरवून आपलं स्टेशन लावलं. त्या दिवशी कुठल्या देशात काय झालं ते त्यांनी जेवताना सांगितलं नाही. मला वाटलं, झालं, आता घरात अबोला.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर आप्पा शिडीवर. एका हातात पक्कड, दुसऱ्या हातात तांब्याची जुनी तार. तारेचं एक टोक त्यांनी परसातल्या नारळाला बांधलं होतं आणि दुसरं खिडकीतून आत घेऊन एरियलला गुंडाळलं होतं.

"आता करंट असला तरी लागंल," शिडीवरूनच म्हणाले. "खूण लाव तुझी काचंवर. माझी काडू नको."

मी कपाळाची टिकली काढून काचेवर लावली. काळ्या खुणेच्या बोटभर पुढं लाल टिकली. नंतर चहा पिताना मला राहवलं नाही. म्हणाले, "आप्पा, तुम्हाला चालेल ना? तुम्ही मोर्चात गेलेला माणूस."

"मोर्चात पोलिसाशी कन्नडातच भांडलतो मी," आप्पा म्हणाले. "मराठीत भांडून त्येला काय कळलं असतं?"

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आप्पांना कन्नड येतं. येतं म्हणजे चांगलंच येत होतं. बैलहोंगलच्या जनावरांच्या बाजारात त्यांची उमर गेली होती. पण घरात ते कन्नड बोलत नसत आणि मला शिकवायलाही तयार नव्हते. तार बांधणं वेगळं, शिकवणं वेगळं.

मग माझा अभ्यास जोरात सुरू झाला. सकाळच्या बातम्या टेप करायच्या, संध्याकाळी भाकरी थापताना ऐकायच्या. एक वाक्य ऐकायचं, बटण दाबायचं, पीठ लागलेल्या हातानं मागं फिरवायचं, पुन्हा ऐकायचं. महिन्याभरात त्या बटणांच्या फटीत इतकं पीठ गेलं की आप्पा जुन्या दात घासायच्या ब्रशनं ते साफ करायचे आणि काही न बोलता ब्रश माझ्यासमोर ठेवायचे. मी त्या बातम्या सांगणाऱ्या बाईसारखी बोलायला शिकले. मंत्र्यांनी कळवलं आहे, जलाशयाची पातळी वाढली आहे, पुढील चोवीस तासांत तुरळक ठिकाणी. 'तिळिसिद्दारे', म्हणजे 'कळवलं आहे', हा शब्द माझ्या तोंडात इतका बसला की मी झोपेतसुद्धा कळवत असेन.

कुठंतरी वापरून बघावं म्हणून मी आठवड्याच्या बाजारात गेले. बैलहोंगलकडची एक बाई दोडके घेऊन बसली होती. मी समोर उभी राहिले, मनात वाक्य जुळवलं आणि सांगितलं. मराठीत त्याचा अर्थ साधारण असा होता: सदर दोडक्यांच्या दराविषयी माहिती देण्यात यावी.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग शेजारच्या कांदेवालीला हाक मारली. मग दोघींनी मिळून पलीकडच्या मिरचीवालीला. "पुन्हा म्हणा की," दोडकेवाली मला म्हणाली, तीही मराठीत. मी पुन्हा म्हटलं. तिघी इतक्या हसल्या की एकीचा पदर तागडीत अडकला. मला दोडके मिळाले, वर मूठभर मिरच्या फुकट मिळाल्या, पण पुढचं सगळं बोलणं त्यांनी मराठीतच केलं.

ही गोष्ट घरी पोचायच्या आधी शेजारच्या आक्कांपर्यंत पोचली. आक्का चिकोडीकडच्या, जैन शेतकऱ्यांच्या घरातल्या. लग्न होऊन इकडं आलेल्या. त्यांच्या घरामागच्या शेडमध्ये चार माग चालायचे आणि घरात बोलणं कन्नड. माझ्याशी मराठीत बोलायच्या, पण हाक मारायच्या 'तंगी', म्हणजे धाकटी बहीण. त्यांच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची, त्यामुळं मी भाकरी करायला बसले की त्या मोकळ्या होऊन आमच्या दाराशी टेकायच्या.

"काय गं तंगी, बाजारात बातम्या दिल्यास म्हणं," त्या म्हणाल्या. "मला बी दे की."

मी दोडक्यांचं वाक्य म्हणून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"शब्द बरोबर हाईत. पण मधीच आवाज का खाली घेतेस? घरात कोण झोपलंय?"

मला काही समजेना. मग मी टेप लावला आणि दोघींच्याही लक्षात आलं. शॉर्टवेव्हचा आवाज लाटेसारखा असतो. वर येतो, खाली जातो, एखादा शब्द पार बुडतो आणि पुन्हा निघतो. मला वाटलं होतं, ती बाईच तसं बोलते. कन्नडची लकबच तशी असेल म्हणून मी ते सगळे चढउतार मन लावून घोटले होते. काही शब्दांची तर मला नुसती शेपटंच येत होती, कारण त्यांची डोकी बंगळूर ते बेळगाव वाटेत कुठंतरी पडली होती.

आक्का उंबऱ्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग उठल्या, पदर खोचला, सेट समोर ओढून म्हणाल्या, "ह्या बाईला आता सुट्टी दे. ह्यात माणसाचा आवाज भरतोय न्हवं? कुठं बोलायचं सांग."

मी त्यांना पुढच्या बाजूची बारीक जाळी दाखवली, जिच्यामागं माइक होता. आक्का तिच्याकडं तोंड करून बसल्या आणि दोडकेवालीशी भांडायला लागल्या. दोडकेवालीही त्याच. आवाज बदलून दोन्हीकडून बोलत होत्या. हे काय दोडके आहेत का दोरखंड, असं गिऱ्हाईक म्हणायचं. तुमच्या डोळ्यांना चष्मा लावा, असं बाजारवाली म्हणायची. गिऱ्हाईक उठून चालायला लागायचं, बाजारवाली परत बोलवायची. मागं त्यांच्याच शेडमधले माग खटाखट चाललेले, त्यामुळं त्या सगळं ओरडूनच बोलत होत्या. कॅसेटची एक बाजू संपली तेव्हा घामेजल्या होत्या.

"उद्या कंडक्टर," म्हणाल्या. "सुट्टे पैसे नसलेला."

असं रोज व्हायला लागलं. कंडक्टर झाला, डॉक्टर झाला, पत्ता विचारणारा झाला, लग्नाला बोलवायला आलेली नणंद झाली. 'ऊटा आतेनरी', जेवण झालं का, हे तर प्रत्येक संवादात दोनदा यायचं, भांडणाच्या मधेसुद्धा. आक्कांना त्याची इतकी गोडी लागली की त्या दुपारी माग बघता बघता प्रसंग ठरवून ठेवायच्या. आप्पा पडवीत सुपारी कातरत बसलेले असायचे. एकदा आक्का कन्नडात कुठल्या तरी शब्दाला अडल्या, तर पडवीतून शब्द आला. आक्का मला डोळ्यांनी खुणावून म्हणाल्या, "बघ, सेट बोलला."

याच गडबडीत माझ्या हातून एक चूक झाली.

एका संध्याकाळी आक्का तयारीनं आल्या आणि माझ्याकडं कोरी कॅसेट नव्हती. आप्पांच्या डब्यात पाच-सहा कॅसेटी होत्या, नावं न लिहिलेल्या. मी एक घेतली. लाल बटण खाली जाईना. मिस्टरांनी कॅसेट उलटी करून बघितली आणि म्हणाले, "मागची पट्टी मोडलीय." त्या जागेवर त्यांनी पांढऱ्या मलमपट्टीचा तुकडा लावला, बटण खाली गेलं. आक्कांनी बँकेतला कारकून केला, पंधरा मिनिटं. मग मागं फिरवून तो ऐकला, आणि संपल्यावरही मी टेप चालूच ठेवला. एकदम टाळ वाजले आणि सात-आठ पुरुषांचे आवाज एका अभंगाच्या मधूनच सुरू झाले.

ती पट्टी कुणी मुद्दाम मोडतं, त्यावर दुसरं काही भरलं जाऊ नये म्हणून, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मिस्टरांना माहीत असायला हवं होतं, पण त्यांना आठवलं नाही. आवाज ऐकून मात्र त्यांनी ओळखलं. अनगोळच्या भजनी मंडळाचं भजन. मुख्य आवाज आप्पांच्या दोस्ताचा. तो दोस्त चार वर्षांपूर्वी वारला होता.

आक्का घाबरून घरी गेल्या. आप्पा देवळातून आले तेव्हा मी दारातच उभी होते. सांगितलं. सांगताना रडू आलं, ते आवरायचा प्रयत्न केला नाही.

"किती गेलं?" आप्पांनी विचारलं.

"पंधरा मिनिटं."

ते सेटजवळ बसले. कॅसेट सुरुवातीपासून लावली. आक्कांचा कारकून बोलायला लागला. फॉर्म नीट भरा, इथं सही करा, तिथं सही करा, जेवण झालं का. आप्पांनी तो पूर्ण ऐकला, पुढं पळवला नाही. मग टाळ आले. तेही पूर्ण ऐकलं, बाजू संपून बटण आपोआप वर येईपर्यंत. मी चहा आणून ठेवला होता, तो तसाच निवला.

"तो सुरवातीला लई लांबड लावायचा," शेवटी आप्पा म्हणाले. "आळवीत बसायचा. मुद्द्याचं हितनं म्होरं हाय. ऱ्हायलं हाय ते."

मग ते उठले आणि जेवायला नको म्हणून पडले. ते वाक्य माझ्यासाठी बोलले, हे मला कळलं. पंधरा मिनिटं काही परत येणार नव्हती.

दोन दिवस मी सेटला हात लावला नाही. आक्काही फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आप्पांनी कॅसेटींचा डबा माझ्यासमोर आणून ठेवला, वर पेन आणि चिकटणारे कागद. "नावं लिही सगळ्यावर," म्हणाले. "मी सांगतो." एकेक लावून थोडी ऐकायची आणि ते सांगायचे: ही काकड आरतीची, ही थोरल्या पुतण्याच्या लग्नातली सनई, हिच्यात काय न्हाय, हिच्यात पाऊस हाय नुसता, मी बटण दाबून इसरलो. मी लिहीत गेले.

चार झाल्यावर त्यांनी चष्मा वर करून बघितलं. "नुसतं मराठीत काय लिहितीस? खाली कन्नडात बी लिही. सराव व्हतोय."

मी भजनाच्या कॅसेटवर दोन्ही भाषांत नाव लिहिलं. आप्पांनी तो कागद वाचला, कन्नडातली एक वेलांटी चुकली होती ती बोटानं दाखवली, आणि म्हणाले, "त्या आक्काला बोलीव. परीक्षा जवळ आली न्हवं?"

लेखी चांगली गेली. तोंडी बेळगावातल्याच एका कचेरीत होती. बाहेर बाकावर आम्ही सात-आठ जण, सगळे मराठी शाळांतले, सगळ्यांचे ओठ हलत होते. माझ्याआधी गेलेले गुरुजी तीन मिनिटांत बाहेर आले आणि कुणाकडं न बघता जिना उतरून गेले.

आत टेबलामागं धारवाडकडचे एक साहेब होते. कपाळाला गंध, समोर पेल्यात ताक. त्यांनी नाव, गाव, शाळा विचारली. मी उत्तरं दिली. त्यांनी शाळेविषयी पाच वाक्यं बोलायला सांगितलं. मी घाबरले, आणि घाबरल्यावर माझ्या तोंडून बंगळूरची बाई बाहेर पडली. शाळेची पटसंख्या समाधानकारक असल्याचं मुख्याध्यापकांनी कळवलं आहे. गावात तुरळक ठिकाणी पाऊस झाला आहे.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बाई," ते कन्नडात म्हणाले, "ह्या बातम्या झाल्या. तुम्ही घरात असंच बोलता?" मग थोडं पुढं झुकून म्हणाले, "असं करू. मी भाजीवाला. तुम्ही गिऱ्हाईक. माझ्याकडं दोडके आहेत."

दोडके म्हटल्यावर माझ्या कानात माग सुरू झाले. मी पदर खोचला. खरंच खोचला, ते मला नंतर आठवलं. "हे काय दोडके आहेत का दोरखंड?" मी विचारलं. आक्का मागांच्या वर आवाज चढवून बोलायच्या त्याच पट्टीत विचारलं. दारातला शिपाई आत डोकावला. साहेब म्हणाले, ताजे आहेत. मी म्हणाले, ताजे कधी होते, तुझ्या लग्नात? बाजारात भाजीवाल्याशी जसं एकेरी बोलतात तसंच सगळं बाहेर पडत होतं. साहेबांनी दर सांगितला, मी निम्मा सांगितला. साहेब म्हणाले परवडत नाही, मी उठून दाराकडं चालायला लागले. आक्कांच्या टेपमध्ये इथं बाजारवाली परत बोलवते. साहेब बोलवेनात. मी दारापर्यंत गेले, आता काय करायचं कळेना, म्हणून मागं वळून विचारलं, "ऊटा आतेनरी?"

साहेब इतके हसले की ताकाचा पेला त्यांना बाजूला सरकवावा लागला. त्यांनी शेजारच्या खोलीतून आणखी एकांना बोलावलं आणि मला दोडके पुन्हा घ्यायला लावले. दुसऱ्या खेपेला दर निम्म्यापर्यंत उतरला.

"कुठं शिकलात हे?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, रेडिओवर. ते खरं नव्हतं आणि अगदी खोटंही नव्हतं.

घरी आले तेव्हा आक्का आणि आप्पा दोघंही पडवीत बसलेले. मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. साहेबांना एकेरी बोलले हे ऐकून आक्कांनी तोंडावर हात ठेवला. "माझ्यामुळं नापास झालीस गं तंगी," म्हणाल्या. आप्पांनी मात्र मान हलवली. "दर उतरिवला न्हवं त्यानं? मग झाली पास."

निकाल आला, मी पास होते. नोकरी कायम झाल्याचा कागद आला तो पूर्ण कन्नडात होता आणि मी तो पडवीत उभी राहून मोठ्यानं वाचला, बातम्यांसारखा नाही, साधा. त्याच कागदात खाली बदलीचा हुकूमही होता. मला निपाणीजवळच्या एका गावात टाकलं होतं, माहेरापासून चार मैलांवर. त्या गावात कन्नडचा एक शब्द बोलणारं माणूस नव्हतं. पोस्टमन मराठी, ग्रामसेवक मराठी, दोडकेवाली तर माझ्या आईच्या ओळखीची. मिस्टरांनी चिकोडीच्या बाजूला काम बघितलं, आणि आप्पा महिन्यातले पंधरा दिवस आमच्याकडं, पंधरा दिवस रानासाठी अनगोळला राहायला लागले.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझं कन्नड तालुक्याच्या मीटिंगमध्ये आणि कागद वाचण्यात कामाला आलं, ते काही कमी नाही. पण बोलायचं म्हणून बोलले ते आक्कांशीच. दर सुट्टीला अनगोळला गेले की त्या दार उघडायच्या आधी आतूनच विचारायच्या, कोण आहे. मी कन्नडात सांगायची. त्या म्हणायच्या, वरच्या पट्टीत बोल, माग चालू आहेत.